मास्तरांचा निरोप

माझी थोरली जाऊ अंजना. तिचं पाळण्यातलं नाव धोंडी. आधी सगळ्या मुलीच झाल्या म्हणून हिला दगडाचं नाव ठेवलं होतं, म्हणजे पुढं तरी मुलगा व्हावा. तासगाव तालुक्यातल्या तिच्या माहेरगावी केरबा मास्तर शाळेवर होते. बाप तिला घेऊन शाळेत गेला तेव्हा मास्तर म्हणाले, "असलं नाव मी शाळेत घालणार नाही." आणि त्यांनी तिथल्या तिथं तिचं नाव अंजना केलं.

बाप म्हणाला, "ठेवा की तुमास्नी बरं वाटंल ते. हाक मारायला कुठलंबी चालतंय."

हेच केरबा मास्तर पुढं दिल्लीला गेले, खासदार झाले, उपमंत्री झाले, देशभर त्यांच्या सभा झाल्या. सगळे त्यांना साहेब म्हणायला लागले. आक्काच्या तोंडून मात्र कधी साहेब आलं नाही. मी तिला आक्का म्हणायची, आणि तिच्यासाठी ते मास्तरच राहिले.

मास्तर आमच्यातलेच. त्यांचा बाप गावची मेलेली जनावरं ओढायचा. सांगलीच्या एका बोर्डिंगात राहून ते शिकले, मास्तर झाले, पण पहिल्या शाळेत त्यांची खुर्ची वर्गाबाहेर पडवीत ठेवली होती. पोरं पाटी जमिनीवर ठेवून मागं सरकायची, मग मास्तरांनी वाकून गणित तपासायचं. हे ते सभेत हसत सांगायचे. आक्का म्हणायची, शाळेत त्यांना हसताना तिनं कधी बघितलं नव्हतं.

छप्पन साली बाबासाहेबांची हाक आली आणि मास्तरांनी नोकरीचा राजीनामा दिला. नागपूरला गेले, आसपासच्या वस्त्यांमधून माणसं घेऊन गेले. त्यात आक्का आणि तिचा बापही होता. तिथून आले आणि घरातले देव त्यांनी नदीत सोडले. पुढच्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत मास्तर लोकसभेला निवडून आले. त्याच वर्षी आक्का लग्न होऊन आमच्या घरात आली. तिचा नवरा सोपान, माझे थोरले दीर. माझं लग्न त्यांच्या धाकट्या भावाशी, ज्ञानूशी झालं. ते पलटणीत होते, त्यामुळं मी बहुतेक काळ या दोघांच्या जवळच राहिले.

आमचं गाव कोरेगावच्या पूर्वेला, वसना नदीच्या अंगाला. धर्म बदलला तशी आमच्या माणसांनी गावकी सोडली. मेलेलं जनावर ओढायचं नाही, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळायचं नाही. गावानं मग आमची कामं बंद केली. गिरणीत दळण घेईनात, बांधावरून जाऊ देईनात. कुणी कोरेगावच्या स्टेशनावर हमालीला लागलं, कुणी साखर कारखान्यावर गेलं. सोपानभाऊजींना तेवढं नानासो बागायतदारानं ठेवून घेतलं, कारण बैल त्यांचं ऐकायचे. वस्तीच्या मागं गायरान होतं. नुसता खडक आणि बाभळी. त्यात नानासोची आणि गावची गुरं चरायची. आमची माणसं सांजच्याला त्या गायरानाकडं तोंड करून बसायची, आणि कुणीतरी म्हणायचं, "एवढं मिळालं तर..."

बासष्टला मास्तर पडले. पडल्यावर ते आम्हाला खरे भेटले. दिल्लीत होते तेव्हा वर्षातून एकदा मोटारीतून यायचे. आता एसटीतून उतरायचे, पिशवी खांद्याला, आणि या वस्तीवरून त्या वस्तीवर चालत जायचे. आमच्याकडं आले की घोंगड्यावर बसून भाकरी आणि ठेचा खायचे. एकदा भाऊजींनी विचारलं, "मास्तर, दिल्लीत कसं हुतं वो?"

मास्तर म्हणाले, "खुर्ची आत होती, सोपान. पण मी बोलायला उभा राहिलो की माणसं चहाला जायची."

आक्का त्या दिवशी फार आनंदात होती. तिला वाटायचं, मास्तर हरले म्हणून परत आपले झाले.

चौसष्ट साल सरता सरता मास्तरांच्या पक्षानं भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. पडीक जमीन, गायरान, सगळं कसणाऱ्याला द्या, ही मागणी. देशभर माणसं तुरुंगात जायला निघाली. आमच्या तालुक्याचं पुढारपण स्वतः मास्तरांकडं होतं. ते वस्तीत आले आणि बायकांना उभं करून म्हणाले, "बापय गडी गेले तर सरकार म्हणतं, दारू पिऊन आलेत. बायका आल्या की सरकारला झोप येत नाही."

आक्काच्या मांडीवर तेव्हा आनंदा होता. अंगावर पिणारं पोर, नुकतं रांगायला लागलेलं. गुटगुटीत, आणि हसलं की एका गालाला खळी पडायची.

भाऊजी म्हणाले, "पोर घिऊन जाशील? थंडीचं?"

"मग कुणाजवळ ठिवू? पितंय की त्ये."

"नको जाऊ म्हंतोय मी."

"आवं, मास्तरांनी वस्तीत यिऊन माझं नाव घेतलं. आता मी घरात बसू?"

नानासोनं भाऊजींना आधीच सांगितलं होतं, तुझी बायको मोर्च्यात दिसली तर उद्यापासनं येऊ नको. ते त्यांनी घरात सांगितलंच नाही. ती गेली, दुसऱ्या दिवशी त्यांचं काम सुटलं.

तुरुंगातलं मी बघितलेलं नाही. तिच्याबरोबर आमच्याच वस्तीतली अंबूबाई होती, तिनं मला सांगितलं. बराकीत मावतील त्याच्या दुप्पट बायका. खाली फरशी, पांघरायला एकेक घोंगडी, दारातून बोचरा वारा. आधी सगळ्या गाणी म्हणत होत्या. मग आनंदाला खोकला झाला, ताप चढला, आणि त्याच्या बरगड्या आत ओढायला लागल्या. डॉक्टर आला, बाटलीतलं औषध देऊन गेला. मी पुढं सुईणीचं शिक्षण घेतलं, दवाखान्यात राबले. बरगडी आत ओढणारं मूल म्हणजे काय हे मला आता कळतं. तेव्हा त्या बराकीत ते कुणालाच कळलं नाही असं नाही. अंबूबाईला कळलं होतं. तीन पोरं पुरलेली बाई ती.

पहाऱ्यावरची बाई आक्काला म्हणाली, "सत्याग्रहात परत येणार न्हाई म्हणून लिहून दे. सांजपतुर घरी जाशील. पोराला दवाखान्यात घाल."

अंबूबाई म्हणाली, "दे की गं लिहून. कोण तुला नावं ठिवत न्हाई."

आक्का म्हणाली, "मास्तरांना इचारते."

मास्तर पलीकडच्या पुरुषांच्या बराकीत होते. दोन्हीकडं भाकरीच्या टोपल्या पोचवायचं काम आमच्याच वस्तीतल्या, सत्याग्रहात आत आलेल्या यल्लाप्पाकडं होतं. त्याच्याकडं तिनं विचारणा पाठवली. संध्याकाळच्या टोपलीबरोबर यल्लाप्पा उत्तर घेऊन आला.

"मास्तर म्हनलं, एकीनं लिहून दिलं की उद्या निम्मी बराक लिहून देती. सरकार वाकायला आलंय. चार दिस धीर धर म्हनलं."

तिनं लिहून दिलं नाही. पोराला छातीशी धरून ती भिंतीला टेकून बसली. अंबूबाई पोराच्या तळव्यांना घोंगडी घासत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आनंदा गेला.

भाऊजींना बोलावणं आलं. ते पोराला न्यायला गेले. आक्काला दफनाला सोडायचं तर पुन्हा तेच, लिहून दे. पोर गेल्यावर आता कशाला लिहायचं, असं ती म्हणाली म्हणे. भाऊजी एकटेच पोराला घेऊन एसटीत बसले. मेलेलं आहे हे कळलं तर कंडक्टर उतरवील, म्हणून त्यांनी त्याला आपल्या पटक्यात गुंडाळून झोपल्यासारखं खांद्यावर घेतलं होतं. शेजारची एक बाई म्हणाली, "लय निजलंय की वो लेकरू." भाऊजी म्हणाले, "व्हय, दमलंय." मी फाट्यावर उभी होते. खाली उतरल्यावरसुद्धा ते त्याला थोपटत होते.

थोड्याच दिवसांत सरकारनं मागण्यांवर विचार करायचं कबूल केलं आणि सगळे सुटले. वस्तीनं हलगी लावून माणसांना आणलं. आक्का त्यातून सरळ चालत घरात आली, पाळण्याची दोरी सोडली आणि पाळणा माळ्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी मास्तर आले. अंगणात बसून ढसाढसा रडले. ते रडणं खोटं नव्हतं, मी शपथेवर सांगते. आक्कानं त्यांना पाणी दिलं आणि आत निघून गेली.

पण तिच्या डोक्यात एक बसलं होतं. मास्तर असला निरोप देणारच नाहीत. यल्लाप्पानं मधल्या मधी फिरवला असेल, नाहीतर विचारलंच नसेल. तिनं यल्लाप्पाचं नाव टाकलं. रस्त्यात दिसला की थुंकायची. "माझं लेकरू खाल्लंस," असं त्याच्या बायकोसमोर म्हणायची. तो बिचारा पहिल्यांदा शपथा घ्यायचा. नंतर ती दिसली की वाट बदलायचा.

मास्तर इकडं मोठे होत गेले. त्या सत्याग्रहानं त्यांचं नाव देशभर झालं. आग्र्याला, लुधियानाला, मद्रासला सभा. आणि प्रत्येक सभेत ते सांगायचे, "माझ्या सातारा जिल्ह्यातल्या एका लेकीनं तुरुंगात पोर दिलं, पण माफी लिहून दिली नाही." माणसं उभी राहून टाळ्या वाजवायची. सदुसष्टच्या निवडणुकीत त्यांनी सत्तेतल्या पक्षाशी जुळवून घेतलं. जुने लोक म्हणाले, मास्तर विकले गेले. मास्तर म्हणाले, बाहेर बसून पाटी तपासायची माझी हौस फिटली. कोरेगावच्या सभेला आम्ही सगळे गेलो होतो. त्यांनी तीच गोष्ट सांगायला घेतली तसे भाऊजी गर्दीतून उठले आणि बाहेर जाऊन पानपट्टीच्या आडोशाला उभे राहिले. आक्का शेवटपर्यंत ऐकत बसली.

मास्तर निवडून आले, दिल्लीत उपमंत्री झाले. त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर ते कोरेगावच्या डाक बंगल्यावर उतरणार असल्याचं कळलं. आक्का मला म्हणाली, "हौसे, संगं चल."

"जमिनीचं इचारायचं?"

"न्हाई."

बंगल्यावर माणसांची दाटी. शिपाई आत सोडेना. मास्तरांनीच खिडकीतून तिला बघितलं आणि हाक मारली. आत गेलो. खोलीत कोरेगावचे पुढारी, एक मामलेदार. मास्तर थकले होते, पोट सुटलं होतं, पण डोळे तेच. "बस अंजना," म्हणाले. ती बसली नाही.

"मास्तर, एक इचारायचं हाय. ह्यास्नी भायेर जाऊ द्या."

त्यांनी सगळ्यांना जायला सांगितलं. मी निघाले तशी आक्कानं माझा दंड धरला.

"जेलात तुमी मला निरोप दिलता, धीर धर म्हणून. त्यो तुमीच दिलता का यल्लाप्पानं आपल्या मनानं सांगितलं?"

मास्तरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता हे म्हणतील की मला आठवत नाही. तेवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. तीही तेवढ्यावर परत गेली असती.

"मीच दिला होता," ते म्हणाले.

"पोर लय आजारी हाय, बरगड्या उडत्यात, हे त्यानं सांगितलं हुतं तुमास्नी?"

"सांगितलं होतं."

बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. मास्तर म्हणाले, "अंजना, त्या वेळी बराक फुटली असती तर सगळंच..."

आक्का म्हणाली, "बरं झालं खरं सांगितलं. त्या मानसाला मी लय शिव्या दिल्या."

आम्ही गावात आलो ते थेट यल्लाप्पाच्या दारात. तो चपलेचा अंगठा शिवत बसला होता. आक्का त्याच्यापुढं वाकली आणि म्हणाली, "यल्लाप्पाभाऊ, चुकले मी." तो घाबरून उठला. त्याची बायको आतून आली, हिच्याकडं बघत राहिली, आणि तिनं दार लावून घेतलं. तीन वर्षांच्या शिव्या काही एका शब्दानं जात नाहीत. आक्का त्या बंद दारावरून घरी आली.

महिन्याभरानं तलाठी वस्तीत आला. गायरानातला एक तुकडा सोपान यांच्या नावानं मंजूर झाला होता. फक्त सोपान यांच्या. वरूनच हुकूम आला, असं तलाठी म्हणाला. बाकी कुणाचंच नाव नव्हतं, जेलात गेलेल्या अंबूबाईचंसुद्धा नाही.

भाऊजींनी ते ऐकलं आणि ते अंगणात उकिडवे बसले. जन्मभर दुसऱ्याचे बैल हाकलेला माणूस. आक्का म्हणाली, "घ्यायची न्हाई."

"काय?"

"त्यो दर हाय आनंदाचा. मास्तरांना आता झोप येत न्हाई, म्हणून दिलीया. द्यायची तर समद्यास्नी द्या म्हणावं."

"सरकारनं दिलेली जमीन परत करतीस? येडी झालीस?"

"मग समदी वस्ती मिळून कसू."

भाऊजी उठले. ते कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "तू इचारायला मास्तरांकडं गेलीस. जेलात बी मास्तरांनाच इचारलंस. मला इचारलंस कवा? त्ये पोर माझं बी हुतं, अंजना. खांद्यावरनं म्या आणलंय त्याला."

मला आक्काच्या तोंडाकडं बघवेना म्हणून मी चुलीकडं वळले.

भाऊजींनी एकट्यानं बाभळी तोडल्या, दगड वेचून बांध घातला, उसने बैल आणून नांगरट केली आणि ज्वारी पेरली. आक्का त्या रानात पाय ठेवत नव्हती. भाकरी मी न्यायची. वस्ती आमच्याशी तुटक वागायला लागली. पाण्यावर बायका म्हणायच्या, "पोराच्या जिवावर जमीन आली." अंबूबाई तसं म्हणाली नाही, पण बोलायचीही बंद झाली. तो घाव आक्काला सगळ्यात जास्त लागला. एकदा तिनं घागर ठेवून विचारलं, "अंबूबाई, तुमी बी?" अंबूबाई म्हणाली, "माझी बी हाडं गारठलीत त्या फरशीवर." एवढंच.

ज्वारी चांगली आली. कणसं भरली आणि एके दिवशी सकाळी नानासोच्या माणसांनी गायरान आमचं म्हणत गुरांचा कळप उभ्या पिकात घातला. भाऊजी काठी घेऊन आडवे झाले. एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला पाच-सहा गडी. वस्तीतून सगळं दिसत होतं. माणसं दारात उभी होती. कुणी हललं नाही. आक्का पीठ मळत होती. आरडाओरड ऐकली तशी हाताला पीठ तसंच घेऊन पळाली. त्या रानात तिचं ते पहिलं पाऊल. मी मागोमाग. आम्ही पोचलो तेव्हा भाऊजी बांधावर पडले होते, मांडीचं हाड मोडलेलं, आणि गुरं अजून कणसं खात होती. आक्कानं गुरांकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"आवं, बोला की. आवं."

"ज्वारी बघ," ते म्हणाले. "ज्वारी हाकल."

मग अंबूबाई आली. ती एकटीच आली, पाण्याचा तांब्या घेऊन. तिनं भाऊजींच्या तोंडात पाणी घातलं, आपलं लुगडं फाडून पाय बांधला. तिच्या मागून यल्लाप्पा बाज घेऊन आला. त्यानं आणि मी भाऊजींना बाजेवर घातलं. बाकी वस्ती दारातच राहिली.

फिर्याद झाली, साक्षीदार कुणी मिळाला नाही. प्रकरण मिटलं. मास्तरांना तार करावी का, असं कुणीतरी विचारलं. भाऊजी म्हणाले, "नको." मास्तर दिल्लीत होते, त्यांच्या कानावर गेलं की नाही हे आम्हाला कळलं नाही.

भाऊजींचा पाय आखूडच राहिला. औताला ते निकामी झाले. अडुसष्ट संपता संपता दोघं सांगलीला गेली. तिथं आदगोंडा नावाच्या एका जैन व्यापाऱ्याच्या हळदीच्या गोदामात आक्काला काम मिळालं आणि भाऊजींना राखणीला बसवलं. मालकाची बायको गुणमाला बरी बाई होती. पण गोदाम ते गोदामच. हळदीची धूळ डोळ्यांत, नाकात, भाकरीत. आक्काचे हात, नखं, पायाच्या भेगा, सगळं पिवळं झालं. मी भेटायला गेले की ती खोकत बसलेली असायची. एक मुलगी झाली. तिला पटकन कुणाच्या हातात द्यायची नाही, आणि हिवाळ्यात दारं-खिडक्या फडक्यांनी बुजवून टाकायची.

जाताना तिनं तो तुकडा अंबूबाईला आणि यल्लाप्पाला कसायला सांगितला. या वेळी भाऊजींना विचारून. ते म्हणाले, "पडीक पडण्यापरीस बरं." सुरुवातीला गुरं पुन्हा आली, पण तोवर कसणारे दोन घरचे झाले होते, आणि दोनाची चार घरं झाली. नानासोच्या गड्यांना मग तेवढं सोपं गेलं नाही.

ज्वारी निघाली की अंबूबाई एक पोतं एसटीच्या टपावर टाकून सांगलीला पाठवायची. पहिल्या वर्षीच्या पोत्यातली भाकरी भाऊजींनी खाल्ली, मुलीला दुधात कुस्करून भरवली. आक्कानं त्या दिवशी रेशनच्या तांदळाचा भात करून खाल्ला. भाऊजींनी तिला आग्रह केला नाही. पुढच्या वर्षी पोतं आलं तेव्हा मी तिथंच होते. तिनं दळण आणलं, भाकऱ्या थापल्या, तिघांना वाढल्या. मग उरलेला कोर तिनं तव्यावरून उचलला आणि उभ्या उभ्याच खायला लागली.